एका यंत्रावर किती जण?

एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यांवर, पहिल्या मजल्याच्या कठड्याला टांगलेली पाटी तुम्ही नक्की पाहिली असेल: एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी ती दिसते. खाली बिस्किटांचं होलसेल, वर कॉम्प्युटर क्लास. त्या वरच्या खोलीचा हिशेब एकदा मांडून बघा, थक्क व्हाल.

दहा कॉम्प्युटर असलेल्या क्लासमध्ये किती जण शिकू शकतात? दहा? सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत तासातासाची बॅच धरली, तर होतात तेरा बॅचेस. म्हणजे १३० जण! खोलीचं भाडं, इंटरनेटचं बिल, यंत्रांचे हप्ते हे सगळं पाच जण आले तरी तेवढंच आणि १३० आले तरी जवळपास तेवढंच. म्हणून क्लास चालवणाऱ्या सरांची नजर यंत्रापेक्षा रिकाम्या खुर्चीवर जास्त असते. सकाळच्या बॅचला कॉलेजची मुलं, दुपारी गृहिणी, संध्याकाळी नोकरदार. दुपारी दोनची बॅच भरली की धंदा तरला. पूर्वीच्या टायपिंग इन्स्टिट्यूट याच हिशेबावर चालायच्या. एकेका टाइपरायटरवर दिवसभरात डझनभर जणांची बोटं फिरायची. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं. मग एमएस-सीआयटीची केंद्रं गावोगावी उघडली, तीसुद्धा हेच गणित घेऊन.

खरी गंमत पुढे आहे. समजा, दहाही खुर्च्या भरल्या. यंत्रं आता तरी पूर्ण कामाला लागली असतील ना?

मराठी टायपिंगच्या परीक्षेतला मिनिटाला ३० शब्दांचा वेग घ्या. शब्दाला सरासरी पाच कळा धरल्या तर सेकंदाला अडीच कळा, म्हणजे दोन कळांच्या मध्ये ०.४ सेकंद. विद्यार्थ्याच्या कपाळावर घाम आलेला असतो, बोटं धावत असतात. आणि प्रोसेसर? तो दोन गिगाहर्ट्झचा असेल, तर त्याचे सेकंदाला २०० कोटी ठोके पडतात. एक कळ दाबून पुढची दाबेपर्यंत त्याचे ८० कोटी ठोके होऊन जातात! एवढ्या वेळात तो अक्षर पडद्यावर उमटवतो, व्हायरस शोधतो, घड्याळ पुढे सरकवतो, आणि तरीही बहुतेक वेळ नुसता वाट बघत राहतो.

हा वाया जाणारा वेळ पूर्वी फार महागात पडायचा. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६० साली भारतीय बनावटीचा एक कॉम्प्युटर सुरू झाला. पुढे त्याला टिफ्रॅक हे नाव मिळालं. ४० बिटांचे २,०४८ शब्द, एवढीच त्याची स्मृती. मोजून बघा, जेमतेम १० केबी! आज भरतीच्या फॉर्मसोबत जोडायचा पासपोर्ट फोटो त्यात मावला नसता. त्या फोटोलाच २० ते ५० केबीची अट असते. अशा दुर्मीळ यंत्रासमोर माणसाला विचार करत बसू देणं कुणालाच परवडणारं नव्हतं. जगभर त्या काळी लोक छिद्रं पाडलेली कार्डं खिडकीत देऊन जायचे आणि उत्तरासाठी तासन् तास थांबायचे.

मग १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी एक वेगळी व्यवस्था चालवून दाखवली. यंत्र एकच, पण वापरणारे अनेक. यंत्राने पहिल्याचं काम क्षणभर करायचं, कुठवर आलो ते टिपून ठेवायचं, दुसऱ्याकडे वळायचं, मग तिसऱ्याकडे. फेरी इतक्या झटपट पूर्ण होते की प्रत्येकाला वाटतं, यंत्र फक्त माझंच आहे. द्रौपदीच्या थाळीसारखं, प्रत्येक पानावर पुरेसं! आज तुमच्या फोनमध्ये गाणं, नकाशा आणि व्हॉट्सअॅप एकाच वेळी चालतं, ते याच युक्तीवर.

मला यातला सर्वात सुंदर भाग वाटतो तो ‘कुठवर आलो’ हे टिपून ठेवण्याचा. काम बदलताना प्रोसेसर हातातले सगळे आकडे जपून ठेवतो आणि परत येताच जिथे सोडलं तिथूनच सुरू करतो. क्लासमधल्या मॅडमही दिवसभर हेच करतात. तीन नंबरवाल्याची फाइल सापडत नाही, सात नंबरच्या काकूंचा माउस पॅडवरून खाली घसरतोय, नऊ नंबरवाला एक्सेलच्या सूत्रात अडकलाय. प्रत्येकाची अडचण कुठवर सुटली होती, हे डोक्यात ठेवून मॅडम खोलीभर फिरत असतात. या धंद्यातली वाटून द्यायला सर्वात कठीण गोष्ट म्हणजे त्यांचं लक्ष. यंत्राच्या वेळेसारखे त्याचे बारीक तुकडे अजून कुणाला पाडता आलेले नाहीत.

आता निकालाच्या दिवशी या खोलीत डोकावू. दहाही यंत्रांवर एकच संकेतस्थळ उघडलेलं, दहा वेगवेगळे बैठक क्रमांक टाकलेले. पण बाहेरच्या जगासाठी अख्ख्या क्लासला इंटरनेटचा एकच पत्ता आहे. मग सात नंबरवरच्या मुलीचा निकाल आठ नंबरवर का उघडत नाही?

जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येपेक्षाही कमी. म्हणून कोपऱ्यात लुकलुकणारा राउटर आतल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती पत्ते देतो. सात नंबरची विनंती बाहेर जाताना तो तिच्यावर स्वतःचा पत्ता घालतो, सोबत एक क्रमांक जोडतो, समजा ५०२३१, आणि आपल्या तक्त्यात नोंद करतो: ५०२३१ म्हणजे सात नंबर. उत्तर ५०२३१ वर आलं की ते थेट सातकडे. असे ६५,५३६ क्रमांक असतात, त्यामुळे दहा यंत्रांची त्याला मुळीच अडचण नाही. १९९४ साली ही युक्ती मांडली गेली ती तात्पुरती सोय म्हणून, आणि अजूनही घराघरातलं इंटरनेट तिच्यावर चाललंय!

वाटून घेण्याचा हा प्रश्न क्लासबाहेरही भेटतो. दुपारी सर बॅग उचलून बाजारपेठेत निघतात. क्लासच्या फीइतकाच त्यांना या फेऱ्यांचा आधार असतो. हार्डवेअरच्या दुकानात दुसरं काउंटर वाढलंय, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची एकाच माणसाला चालणारी सिल्व्हर आवृत्ती काढून अनेकांना चालणारी गोल्ड बसवायची आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू आहे आणि बिलांचे क्रमांक सलग, एका आर्थिक वर्षात एकदाच येणारे असावेत असा नियम आहे. दोन्ही काउंटरांनी एकाच क्षणी पाहिलं की शेवटचं बिल ४१७ आहे, तर? दोघेही ४१८ छापतील!

म्हणून अशा व्यवस्थेत क्रमांक घेण्याच्या क्षणाला कुलूप असतं. पहिला आत गेला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. पहिल्याची नोंद पक्की झाली की कुलूप उघडतं आणि दुसऱ्याला पुढचा क्रमांक मिळतो. ही थांबण्याची वेळ इतकी छोटी असते की पापणीही लवत नाही. सर मालकांना एका काउंटरवर उभं करतात, मुनीमजींना दुसऱ्यावर, आणि म्हणतात, “आता दोघं एकदम दाबा.” एका पडद्यावर ४१८ येतो, दुसऱ्यावर ४१९.