रस्ता आणि लहान धंदा : इंदिरानगरचा धडा

नाशिक शहरात मुंबई-आग्रा महामार्गाच्या दक्षिण अंगास इंदिरानगर ही मोठी वसाहत आहे. तिच्या आसपासची वडाळा व पाथर्डी ही मूळची शेतीची गावे असून आज ती महापालिकेच्या हद्दीत आहेत. या दोन गावांना जोडणारा रस्ता वसाहतीतून जातो. सायंकाळी त्या रस्त्याने चालत गेल्यास भाजीच्या हातगाड्या, फळांचे टेम्पो, दूधविक्रीची दुकाने, पिठाच्या गिरण्या आणि वाहनदुरुस्तीची लहान दुकाने दृष्टीस पडतात. हे सारे धंदे थोड्या भांडवलावर चालतात व त्यांपैकी पुष्कळांचा माल शेतातूनच येतो. म्हणून येथील रस्त्यांचा विचार शेतकऱ्यानेही करणे अगत्याचे आहे.

तीन रस्ते, तीन उपयोग

इंदिरानगरच्या परिसरात तीन प्रकारचे मार्ग एकत्र आले आहेत. पहिला महामार्गावरील उड्डाणपूल. तो 2013 साली वाहतुकीस खुला झाला व लांब पल्ल्याची वाहने शहराच्या डोक्यावरून जाऊ लागली. दुसरा महामार्गाखालील बोगदा. गोविंदनगरकडील वस्ती व इंदिरानगर यांना तो जोडतो. तिसरा वसाहतीतील वडाळा-पाथर्डी रस्ता.

यांपैकी सर्वांत अधिक पैसा उड्डाणपुलास लागला हे उघड आहे. त्याचा लाभही मोठा आहे. परंतु त्यावरून जाणारे गिऱ्हाईक भाजीच्या गाडीपाशी थांबत नाही. ते येते बोगद्यातून व आतल्या रस्त्याने. हा बोगदा अनेक वर्षे सकाळ-सायंकाळच्या कोंडीसाठी ओळखला गेला. ज्या वेळी लोक कामावरून परततात व भाजी घेतात, नेमक्या त्याच वेळी वाट अडली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या वाटेने घरी जाते आणि विक्रेत्याचा नाशवंत माल शिल्लक राहतो. तात्पर्य, लहान धंद्याचे पोट रस्त्याच्या लांबीवर भरत नाही. रस्त्यावर कोठे चढता येते, कोठे उतरता येते आणि कोठे थांबता येते, यावर ते अवलंबून असते.

शेतापासून गाडीपर्यंत

हाच नियम शेताच्या टोकासही लागू पडतो. समजा, एका शेतकऱ्याने 20 किलोचे 20 क्रेट, म्हणजे 400 किलो टोमॅटो शहरात आणले. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट खाचखळग्यांची असल्यामुळे दहावा हिस्सा माल दबला, तर 40 किलोची हानी झाली. किलोस 15 रुपये भाव धरल्यास ही रक्कम 600 रुपये होते. हा हिशेब केवळ उदाहरणादाखल आहे. प्रत्येकाने आपल्या मालाचा व आपल्या वाटेचा हिशेब स्वतः मांडून पाहावा. पावसाळ्यात वाहन शेतापर्यंत येतच नसेल, तर मजुरी व उशीर यांचा खर्च त्यात मिळवावा लागेल.

हा विचार नवा नाही. 1943 च्या नागपूर योजनेत, विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे उद्दिष्ट ठेवले होते. पुढे 2000 साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली व बारमाही रस्ते वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचू लागले. आता उरला आहे तो गावापासून शेतापर्यंतचा शेवटचा तुकडा.

मोठा रस्ता व लहान शेतकरी

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. तो 2022 पासून टप्प्याटप्प्याने खुला होऊन 2025 साली पूर्ण झाला. नाशिक जिल्ह्यातूनही तो जातो. परंतु त्यावर ठराविक ठिकाणीच प्रवेश मिळतो आणि दुचाकी व तीनचाकी वाहनांस तेथे परवानगी नाही. त्याच्या कडेला टोपली घेऊन बसता येणार नाही, व बसूही नये. अशा रस्त्याचा लाभ घ्यावयाचा तर ट्रक भरेल एवढा माल एकत्र करावा लागतो. एकट्यादुकट्या अल्पभूधारकास ते शक्य नाही. शेतकरी गटास किंवा उत्पादक कंपनीस शक्य आहे.

काय करावे?

1. गावाचा नकाशा काढून जुन्या गाडीवाटा व पाणंद रस्ते प्रत्यक्ष शिवारात जाऊन पडताळावेत. कोठे अतिक्रमण झाले आहे, याची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी.

2. चालू वहिवाटीचा रस्ता कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे आवश्यक आहे. शेतास जाण्यास वाटच नसल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो. तथापि, शेजाऱ्याशी समजुतीने मिटविणे केव्हाही श्रेयस्कर.

3. 2021 साली सुरू झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीची सांगड घातली आहे. तिची चौकशी पंचायत समितीत करावी. काम करताना बाजूचे चर व मोऱ्या यांकडे प्रथम लक्ष द्यावे. पाणी साचले की चांगला रस्ताही टिकत नाही.

4. 2016 पासून आपल्या राज्यात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकण्याची मोकळीक आहे. गटाने शहरातील एखादी वसाहत निवडून ठराविक दिवशी, ठराविक जागी, महापालिकेच्या अनुमतीने विक्री करावी.

5. रस्ता रुंद होताना विक्रेत्यांच्या जागेचा प्रश्न हमखास उभा राहतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहरात पथविक्रेता समितीची तरतूद केली आहे. विक्रेत्यांनी आपली नोंदणी करून घ्यावी. रुंद रस्ता झाला व बसावयास जागा राहिली नाही, तर ज्याच्यासाठी खर्च केला त्याचीच भाकरी जाते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती अशी की, रस्त्याची मागणी लिहिताना केवळ किलोमीटर लिहू नयेत. त्या वाटेने किती शेतकऱ्यांचा कोणता माल, कोणत्या महिन्यात व कोणत्या बाजारास जातो, हेही लिहावे. रस्त्यावर घातलेला पैसा शेतकऱ्याच्या व विक्रेत्याच्या हाती परत येतो. मात्र शेताच्या बांधापासून गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंतची वाट मध्ये कोठे तुटता कामा नये. आपल्या गावची वाट कोठे तुटली आहे, हे येत्या पावसाळ्यापूर्वी एकदा चालत जाऊन पाहावे.