शेजारधर्माचे भांडवल

डिलाईल रोडला आज ज्यांचे नाव आहे, त्या ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. नजीकच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये 'नेबरहूड हाऊस' उघडले. १९२९ सालीच मुंबईत जातीय दंगल उसळली. मिशनऱ्यांच्या सेवेकडे आपण संशयाने पाहतो. परंतु ख्रिस्ती श्रद्धेतून उभ्या राहिलेल्या या घराचे दार हिंदू-मुसलमान सर्वांनाच खुले होते. समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्थाही १९३६ मध्ये तेथेच सुरू झाली.

१९९२-९३ च्या दंगलीत सुमारे ९०० माणसे मेली. दंगलीनंतर वाटलेले धान्य संपते. आधी जोडलेला शेजार भांडवलासारखा टिकतो. आपल्या चाळींनी ते कितीसे साठविले आहे?