धंद्याची निवड आणि तिची पूर्वतयारी

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं बहुतेक घरांतून एकच चर्चा सुरू होते : मुलाला कोणत्या बाजूला घालावयाचें? आईच्या मनांत डॉक्टरकी असते, वडिलांचा ओढा इंजिनियरिंगकडे असतो, आणि एखादे काका वकिलीचे गुण गाऊं लागतात. ज्याचें आयुष्य घडावयाचें असतें त्याला मात्र पुष्कळदां या तिन्ही वाटांची नीट माहिती नसते. ती माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत करून द्यावी, एवढाच आमचा या लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडे या तिन्ही धंद्यांचें पद्धतशीर शिक्षण जवळजवळ एकाच काळीं सुरू झालें. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें, पुण्याची इंजिनियरिंगची शाळा १८५४ सालीं, आणि मुंबईचें सरकारी लॉ कॉलेज १८५५ सालीं. मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना त्यानंतर, १८५७ सालीं झाली. परंतु त्या काळचे नामांकित पुरुष थेट धंद्याच्या शिक्षणांत शिरले, असें फारसें आढळत नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १८७७ सालीं गणित घेऊन बी. ए. ची पदवी मिळविली आणि मगच कायद्याचा अभ्यास करून १८७९ सालीं ते एल्‌एल्. बी. झाले. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे १८८१ सालीं बंगलोरास बी. ए. झाले, नंतर पुण्यास येऊन इंजिनियर झाले, आणि १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले. पुढें खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, हें सर्वश्रुतच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे बॅरिस्टर होण्यापूर्वीं अर्थशास्त्राचे पंडित होते. कोलंबिया विश्वविद्यालयाची एम्. ए. ही पदवी त्यांना १९१५ सालीं मिळाली. आधीं बुद्धीची मशागत आणि मग धंद्याची पेरणी, असा हा क्रम होता.

पुढें कित्येक वर्षें मॅट्रिकनंतर दोन वर्षें कॉलेजांत काढून 'इंटर सायन्स' ची परीक्षा देण्याची चाल होती. गणिताकडे कल असलेले विद्यार्थी 'ए' गटांत जात, जीवशास्त्राकडे कल असलेले 'बी' गटांत. आणि इंटरच्या गुणांवर इंजिनियरिंग वा मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळे. १९७५ च्या सुमारास महाराष्ट्रांत दहा अधिक दोन वर्षांची रचना आली, आणि इंटरचें काम अकरावी व बारावी या दोन इयत्तांवर येऊन पडलें. याचा एक परिणाम पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अकरावीच्या प्रवेशपत्रावर मुलगा जे विषय लिहितो, त्यांनीं त्याच्या पुढील कांहीं वाटा उघडतात व कांहीं बंद होतात. आणि त्या वेळीं त्याचें वय असतें अवघें पंधरा-सोळा वर्षांचें.

आतां एकेक वाट पाहूं.

इंजिनियरिंगचा पाया म्हणजे गणित व भौतिकशास्त्र. बारावीनंतर चार वर्षांचा पदवीचा अभ्यासक्रम असतो. महाराष्ट्रांतील कॉलेजांसाठीं राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे २०० गुण असून त्यांपैकीं १०० एकट्या गणिताचे आहेत, यावरून त्या विषयाचें महत्त्व कळून येईल. तिच्यांत चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहींत. मध्यवर्ती सरकारच्या तंत्रसंस्थांसाठीं 'जेईई' ही निराळी परीक्षा आहे. तिचा पहिला टप्पा पार करणाऱ्यांतील निवडक विद्यार्थीच दुसऱ्या टप्प्यास बसतात, आणि त्यांतून आय. आय. टी. चे प्रवेश होतात. याखेरीज एक जुनी व भरंवशाची वाट आहे, तिच्याकडे सुशिक्षित पालक उगाच नाक मुरडतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत तीन वर्षांची पदविका घ्यावी आणि तेथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळवावा. ज्या मुलाचे हात पुस्तकापेक्षां यंत्राशीं लवकर बोलतात, त्याला ही वाट मानवते. शिवाय मधेंच घरची अडचण उभी राहिली तरी पदविका हातांत असते, आणि तिच्यावर नोकरी मिळूं शकते.

वैद्यकीचा पाया म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र. येथें प्रवेशाचा दरवाजा साऱ्या देशांत एकच आहे. 'नीट' ही परीक्षा ७२० गुणांची असून त्यांतील निम्मे, म्हणजे ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक गुण कापला जातो. ही परीक्षा मराठींतूनही देतां येते, आणि प्रवेशाच्या वर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत विद्यार्थ्याचें वय १७ वर्षें पुरें व्हावें लागतें. एम्. बी. बी. एस्. चा अभ्यास साडेचार वर्षांचा, आणि त्यापुढें एक वर्ष रुग्णालयांत प्रत्यक्ष काम. दंतवैद्यकीस पांच वर्षें लागतात आणि आयुर्वेदाच्या पदवीस साडेपांच. एखाद्या शाखेंत विशेष प्रावीण्य मिळवावयाचें तर आणखी तीन वर्षें धरावीं.

या दरवाजाशीं गर्दी किती आहे, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. २०२४ सालीं २३ लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेस बसले, आणि एम्. बी. बी. एस्. च्या जागा देशभर लाख-सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे वीस जण बसले तर एकासच जागा. उरलेले एकोणीस नालायक ठरले, असा याचा अर्थ कोणी करूं नये. रुग्णसेवेच्या क्षेत्रांत केवळ डॉक्टरच असतो, ही समजूतच चुकीची आहे. रात्रभर रोग्याच्या उशाशीं जागणारी परिचारिका, औषध तयार करणारा व तपासणारा औषधनिर्माता, मोडलेल्या हातापायांस पुन्हां चालतें करणारा भौतिकोपचारक, रक्त व लघवी तपासणारा प्रयोगशाळेंतील तंत्रज्ञ, या साऱ्यांवांचून रुग्णालय एक दिवसही चालणार नाहीं. परिचर्येची पदवी चार वर्षांची आहे, औषधनिर्माणाचीही चार वर्षांची. आणि औषधनिर्माणास गणित घेतलेला व जीवशास्त्र घेतलेला असे दोन्ही विद्यार्थी जाऊं शकतात.

कायद्याची वाट या दोहोंहून निराळी आहे. कारण तिला विषयाचें बंधन नाहीं. कला, वाणिज्य, शास्त्र, कोणत्याही शाखेची बारावी चालते. बारावीनंतर पांच वर्षांचा अभ्यासक्रम आहे; किंवा आधीं कोणतीही पदवी घेऊन मग तीन वर्षांचा. राज्याची प्रवेश परीक्षा दोहोंसाठीं आहे. राष्ट्रीय विधि विश्वविद्यालयांसाठीं २००८ पासून 'क्लॅट' ही परीक्षा होते. अशीं विश्वविद्यालयें महाराष्ट्रांत मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें आहेत. या परीक्षेंत लांब उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारलेले असतात, आणि ती इंग्रजींत असते. पदवी मिळाली म्हणजे लगेच वकिली सुरू होते असें नाहीं. १९६१ च्या वकीलविषयक कायद्याप्रमाणें राज्याच्या बार कौन्सिलांत नांव नोंदवावें लागतें, आणि २०११ सालीं प्रथम झालेली अखिल भारतीय परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. कायद्यास विषयाचें बंधन नाहीं, म्हणून तयारीही नको, असें मात्र समजूं नये. रोज वाचणें, वाचलेल्याचा सारांश आपल्या शब्दांत लिहिणें, आणि दुसऱ्याची बाजू त्याच्याहूनही चांगली मांडतां येणें, ही वकिलाची खरी पूर्वतयारी होय. आणि ती आठवींपासून करतां येते.

परदेशांत हा प्रश्न कसा सोडविला आहे, तेंही पाहणें उपयोगाचें आहे. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतून १८८६ सालीं एम्. डी. झाल्या, त्या वेळीं तेथें आधीं कॉलेजची पदवी लागत नसे. पुढें १९१० सालीं अब्राहम फ्लेक्सनर यांनीं अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकीय विद्यालयें पाहून एक कडक अहवाल लिहिला, आणि वैद्यकीच्या आधीं कॉलेजांत शास्त्राचें शिक्षण झालेंच पाहिजे, या मतास त्यामुळें मोठें बळ आलें. आज तेथील विद्यार्थी प्रथम चार वर्षांची पदवी घेतो. त्यानें इतिहास घेतला किंवा संगीत घेतलें तरी हरकत नसते. मात्र जीवशास्त्र, रसायन व भौतिक हे विषय त्याला बरोबरीनें पुरे करावे लागतात. त्यानंतर प्रवेश परीक्षा आणि वैद्यकीचीं चार वर्षें. कायद्यासही आधीं पदवी आणि मग तीन वर्षें. इंजिनियरिंगला मात्र तेथेंही थेट प्रवेश आहे. तरी कांहीं लहान कॉलेजांतून तीन वर्षें साहित्य व शास्त्र शिकून पुढील दोन वर्षें इंजिनियरिंगच्या विद्यालयांत काढावयाचीं, आणि पांच वर्षांत दोन पदव्या घ्यावयाच्या, अशी योजना असते. या पद्धतींत पैसा व काळ अधिक लागतो, हा तिचा दोष. पण मुलाला आपलें मन ओळखण्यास वीस-एकवीस वर्षांपर्यंत सवड मिळते, हा तिचा मोठा गुण.

आपल्याकडे ती सवड नाहीं. म्हणून जी आहे ती वाया जाऊं नये, यासाठीं चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली ही कीं, मन ठरलेलें नसेल तर अकरावींत गणित व जीवशास्त्र दोन्ही घ्यावेत. श्रम अधिक पडतील, पण दोन दरवाजे उघडे राहतील. बारावींत जीवशास्त्र घेतलें नसेल तर तो विषय मागाहून जादा म्हणून देऊन 'नीट' ला बसण्याची मुभा २०२३ पासून मिळाली आहे. तथापि मागाहून वळसा घालण्यापेक्षां आधींच विचार केलेला बरा.

दुसरी, धंदा डोळ्यांनीं पाहावा. न्यायालयाचें कामकाज सामान्यतः सर्वांस खुलें असतें. सुटींत एक दिवस तेथें मागच्या बांकावर बसावें. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढील सुनावणी २०२२ पासून घरबसल्याही पाहतां येते. ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत एक सायंकाळ काढावी. बांधकामावर, कारखान्यांत वा गॅरेजांत चार दिवस जावें. रक्त पाहून घेरी येते कीं नाहीं, उन्हांत उभें राहवतें कीं नाहीं, हें कोणत्याही पुस्तकांत लिहिलेलें नसतें.

तिसरी, प्रयोगशाळा टाळूं नये. केवळ प्रवेश परीक्षेच्या शिकवणीस जावयाचें आणि कॉलेजांत नांवापुरती हजेरी लावावयाची, अशी चाल अलीकडे बरीच पडली आहे. पर्यायांवर खुणा करण्यांत तरबेज झालेला विद्यार्थी पुढें उपकरण हातीं धरतांना गोंधळतो. परीक्षा एका दिवसाची असते, धंदा चाळीस वर्षांचा.

चौथी गोष्ट पालकांसाठीं. खर्चाचा व काळाचा हिशेब मुलापुढें उघड मांडावा. बारावी अठराव्या वर्षीं झाली असें धरलें, तर इंजिनियर बावीसाव्या वर्षीं कमावूं लागतो, वकील तेविसाव्या वर्षीं उमेदवारी सुरू करतो, आणि डॉक्टर साडेतेविसाव्या वर्षीं मोकळा होतो, तोही पहिल्याच प्रयत्नांत प्रवेश मिळाला तर. कर्ज काढावयाचें असल्यास तें कोण व कसें फेडणार, याची चर्चा मुलासमक्ष व्हावी. सोळा वर्षांच्या मुलाला हिशेब कळतो. न सांगितलेल्या अपेक्षेचें ओझें मात्र त्याला पेलवत नाहीं. आणि पहिल्या परीक्षेंत अपयश आलें तर दुसरी वाट कोणती, हें त्या परीक्षेच्या आधींच घरांत ठरलेलें असावें. निकालाच्या रात्रीं तें ठरवूं गेल्यास शब्द कठोर निघतात, आणि ते मुलाच्या मनांतून कधीं पुसले जात नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, एक वाट धरली म्हणजे दुसरी कायमची सुटते असेंही नाहीं. इंजिनियर झाल्यावर तीन वर्षांत कायदा शिकतां येतो. आणि नव्या शोधांचे हक्क नोंदवून देणाऱ्या पेटंट एजंटाला तर शास्त्र वा तंत्र या विषयाची पदवी असावीच लागते. मात्र पहिलें पाऊल डोळे उघडे ठेवून टाका. शेजाऱ्याचा मुलगा कोठें गेला यावरून आपली वाट ठरवूं नका. इंजिनियराचा पूल, वकिलाचा शब्द आणि डॉक्टराचा हात, या तिन्हींवर परके लोक विश्वासानें आपला जीव किंवा आपला संसार सोपवितात. त्या विश्वासास आपण पात्र होऊं, असें ज्या कामाविषयीं तुम्हांस मनापासून वाटेल, तेंच काम निवडा. आणि त्याची तयारी आजच्या धड्यापासून सुरू करा.