चेंडूसाठी काय पण!

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या समुद्रात फिरणाऱ्या ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, यांची विष्ठा पाण्यावर थोडाच वेळ तरंगते आणि बुडते. ती वेळेत गाठण्यासाठी वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सॅम वासर यांच्या पथकाने टकर नावाच्या काळ्या लॅब्रॅडॉर-मिश्र कुत्र्याला बोटीच्या पुढच्या टोकावर उभं केलं. वास लागला की तो त्या बाजूला झुकायचा, त्याच्या हालचालींवरून बोट वळवली जायची. विष्ठा सापडली, की टकरला त्याचा चेंडू! पाण्यात उतरायला नाखूश असलेला हा कुत्रा एवढ्यासाठी समुद्रावर राबायचा. अशा नमुन्यांतल्या संप्रेरकांवरूनच २०१७ मध्ये उघड झालं, की २००८ ते २०१४ या काळात इथल्या ऑर्कांच्या ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत वाया गेल्या. मुख्य कारण चिनुक सामन माशांचा तुटवडा.

एका चेंडूत एवढं काय असतं? पळणारी वस्तू हेरायची, पाठलाग करायचा, जबड्यात धरून झिंजाडायची, हा सगळा शिकारीचा क्रम. पोट भरलेल्या कुत्र्यालाही त्याची ओढ राहते. म्हणूनच वासर यांचं पथक निवारागृहांतून चेंडूवेडी कुत्री हुडकून आणायचं. घरच्यांना नकोशी झालेली ही ऊर्जा तिथे कामी आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चेंडूसारखाच दुसरा खेळ म्हणजे रस्सीखेच. त्यात कुत्र्याला जिंकू दिलं तर तो डोक्यावर बसेल, अशी भीती अनेकांना असते. ती सोडून द्यावी. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १४ गोल्डन रिट्रीव्हरना कधी वारंवार जिंकू दिलं, कधी हरवलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जिंकून कोणी शिरजोर झालं नाही. उलट हार असो वा जीत, खेळानंतर कुत्री माणसाचं अधिक लक्ष देऊन ऐकू लागली.

घरी खेळताना खेळणं कुत्र्याच्या तोंडात कोंबू नका. जमिनीलगत, त्याच्यापासून दूर पळवा, मग बघा कसा झेपावतो! हाच खेळ बक्षीस म्हणून वापरा: ‘बस’ म्हटल्यावर बूड टेकलं की लगेच खेळ सुरू. उशीर झाला तर बक्षीस कशाचं, हे त्याला उमगत नाही. ‘सोड’ शिकवताना ओढाताण थांबवायची, खेळणं मांडीशी स्थिर धरायचं. त्यात जीव उरला नाही की पकड सैल होते. सोडताक्षणी पुन्हा खेळायला द्या. दात येत असलेल्या पिल्लाशी मात्र जोरात ओढाओढी नको, आणि चेंडू घशात अडकणार नाही एवढा मोठा हवा.