सात नव्या पैशांचा खटला

वर्तमानपत्राने किती पाने द्यावीत, हे सरकारने ठरवावे काय? आज या प्रश्नाचे हसू येईल. पण त्यावरून पुण्याच्या एका दैनिकाने सर्वोच्च न्यायालय गाठले होते.

सरकारचा हेतू वाईट नव्हता. बडे मालक जाहिरातींच्या बळावर थोड्या पैशांत ढीगभर पाने देतात आणि लहान पत्रांचा त्यापुढे टिकाव लागत नाही, अशी पहिल्या वृत्तपत्र आयोगाची चिंता होती. म्हणून १९५६ साली कायदा झाला, १९६० साली हुकूम निघाला : जितकी पाने, तितकी किंमत! गंमत अशी, की त्याविरुद्ध न्यायालयात उभा राहिला तो डॉ. ना. भि. परुळेकरांचा 'सकाळ'. आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून तो ३४ पाने देई. रोजच्या अंकाला सात नवे पैसे. आता पाने २४ करा, नाहीतर आठ पैसे घ्या, असा हा पेच होता.

सप्टेंबर १९६१ मध्ये निकाल लागला. कायद्याचे मुख्य कलम आणि हुकूम दोन्ही घटनाबाह्य ठरले. किंमत वाढली की वाचक घटतो, आणि खपाला बांध घालणे म्हणजे विचारस्वातंत्र्यालाच बांध घालणे, हे त्या निकालाचे सार.

मी मराठीचा प्राध्यापक. कायद्याचा पंडित नव्हे. तरीही वाटते, निकाल योग्यच होता. मात्र दुखणे राहून गेले. पाने मोजण्यापेक्षा मालकी मोजायला हवी होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१४ साली तीच वाट सुचवली : एका भाषेच्या बाजारात वर्तमानपत्र आणि दूरचित्रवाणी या दोहोंवर एकाच घराण्याचे वर्चस्व नको, राजकीय पक्षांनी प्रसारणात शिरू नये, खरे मालक जाहीर व्हावेत. यात कुणाच्या लेखणीला हात लागत नाही.

शहरातल्या वाचकाला हे दूरचे वाटेल. मी राहतो ते कुरुळी गाव पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या कारखान्यांना खेटून आहे. उद्या इथल्या ओढ्यात एखाद्या कारखान्याने घाण सोडली, तर ती बातमी कोण छापील? ज्याला त्या कारखान्याची जाहिरात हवी, तो कदाचित गप्प बसेल. अशा वेळी ठोठावायला दुसरे दार लागते. आणि त्या दारामागे पहिल्याच दाराचा मालक असून चालत नाही.

अंकाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक-प्रकाशकाचे नाव असते. वाचकहो, एवढ्यावर थांबू नका. त्यामागे पैसा कुणाचा, हेही एकदा विचारा.