पिकलं पान आणि सुई

"आमचं काय, पिकलं पान! लस त्या पोरांना द्या." २०२१ सालच्या मार्चमध्ये आमच्या आत्याने हे वाक्य इतक्या जणांना ऐकवले की शेवटी आम्ही तो विषयच टाकून दिला. १ मार्चपासून साठीपुढच्या मंडळींना कोरोनाची लस मिळू लागली होती. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तरची, त्यात मधुमेह जुना. म्हणजे ज्यांना लस सर्वांत आधी हवी त्यांतली ती, आणि नकार मात्र साफ!

म्हातारी माणसे हट्टी, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. हीच आत्या पायात खिळा गेला तर तासाभरात धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन परत येते. धनुर्वाताने गेलेले माणूस तिने लहानपणी शेजारीच पाहिले आहे. तिच्या दंडावर देवीच्या लशीचा वणही आहे. भारतात १९७५ नंतर देवीचा रोगी आढळला नाही. वण तेवढा उरला. लशीचे यश असे की रोग दिसेनासा होतो, आणि मग नव्या माणसाला सुईच तेवढी दिसते.

शिवाय नकाराचा आपल्याकडे इतिहासही आहे. १८९७ साली प्लेगच्या दिवसांत पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले आणि त्याची परिणती रँडच्या वधात झाली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत हाफकिनने आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती; त्याचे नाव परळच्या संस्थेच्या पाटीवर आहे, पण ही हकिकत कोणी फारशी सांगत नाही. दंडुक्याने आलेला उपाय आणि सांगणाऱ्याने आधी अंगावर घेतलेला उपाय, यांत फरक पडणारच.

आत्याला शेवटी हलवले ते दोघांनी. एक तिचे नेहमीचे डॉक्टर. चाळीस वर्षे तिची नाडी पाहिलेला माणूस. "मी घेतली. हात दोन दिवस दुखला. तुम्ही उद्या सकाळी खाऊन जा," एवढेच ते म्हणाले. दुसरी नातसून. तिला सातवा महिना लागला होता. खेप दुसरी, म्हणजे बाळंतपण इथेच. ती म्हणाली, "आजी, बाळाला पायांवर घेऊन अंघोळ तुम्हीच घालायची बरं का." त्यानंतर पिकल्या पानाचा उच्चार घरात झाला नाही.

राहता राहिली व्यवस्था. नोंदणी मोबाइलवर, ती नातवाने केली. केंद्र दुसऱ्या मजल्यावर, गुडघे संपावर! खालीच खुर्ची टाकून एका परिचारिकेने सुई टोचली म्हणून निभावले. कितीतरी 'नकार' नुसत्या जिन्याचे असतात. मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देण्यास त्याच वर्षी सुरुवात झाली, ती काही उगाच नव्हे.

आता आत्याने नागिणीचा विषय काढला आहे. तिच्या मावसबहिणीला नागीण झाली. फोड वाळले, पण कमरेची आग महिनोन् महिने गेली नाही. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकत्र आले की माणूस जातो, ही जुनी समजूत आत्यालाही होती. डॉक्टरांनी तिला समजावले, की लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि वयाबरोबर प्रतिकारशक्ती उतरली की डोके वर काढतो. भारतात २०२३ साली तिच्यावरची नवी लस आली. दोन मात्रा, आणि किंमत हजारांच्या घरात. सरकारी लसीकरणाचा मोठा भर मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यावर. ही लस घ्यायची तर आजीबाईंनी स्वतःची गाठ सोडायची!

किंमत ऐकून आत्या गप्प बसली. आम्हाला वाटले, विषय संपला. पण परवा तिने माझ्या वडिलांना निरोप धाडला आहे: यंदा भाऊबीजेला पातळ-बितळ आणू नकोस, ओवाळणी रोख घाल.