हलगी, संबळ आणि आठ रबरी चौकोन

मुखेड, देगलूर, उदगीर या पट्ट्यातल्या कुठल्याही ऑर्केस्ट्राचं पत्रक पाहा. गायकांच्या फोटोंखाली कीबोर्ड, ढोलकी, तबला अशी नावं येतात आणि शेवटी ठरलेली एक ओळ असते: साइड रिदम आणि ऑक्टोपॅड. नाव शेवटी असलं तरी काम सगळ्यात जास्त त्याच माणसाचं. लावणीत घुंगरू तोच वाजवतो, भीमगीतात घोषणेवर झांजेचा कडकडाट तोच करतो, गोंधळात संबळ आणि वरातीच्या गाण्यात ताशाही त्याचाच. हे सगळं ज्यातून निघतं तो डबा मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बांधून नेता येतो. पूर्वी एवढ्या वाद्यांना एक जीप आणि चार माणसं लागत. सुपारी घेणाऱ्याला हा हिशोब लगेच कळला आणि दोन-तीन दशकांत ऑक्टोपॅड तालुक्याच्या स्टेजवर कायमचा बसला.

मूळ यंत्र जपानचं. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकात रोलँड कंपनी काढली. १९८५ मध्ये तिने पॅड-८ नावाचा पहिला ऑक्टोपॅड आणला. गंमत म्हणजे त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ रबरी चौकोनांवर काठी पडली की तो फक्त संदेश पाठवायचा आणि आवाज काढायचं काम जोडलेल्या दुसऱ्या यंत्राचं. हा संदेश ज्या भाषेत जायचा ती मिडी १९८३ मध्ये रूढ झाली होती आणि तिच्या जडणघडणीतही काकेहाशींचा मोठा वाटा होता. त्याबद्दल २०१३ मध्ये त्यांना आणि अमेरिकेच्या डेव्ह स्मिथ यांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. पुढे आवाज पॅडच्या पोटातच आले. नव्वदच्या दशकातल्या एसपीडी-२० मध्ये सातशे आवाज होते आणि आपण जमवलेल्या रचना, म्हणजे पॅच, साठवायला ९९ जागा. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या हाताला हे मॉडेल इतकं बसलं की नवं यंत्र आलं तरी जुनं विकायला कुणी तयार नसे. कंपनीनेही नंतर एसपीडी-२०एक्स काढून तेच नाव चालू ठेवलं.

सातशे आवाज म्हणजे पुष्कळ वाटतात. मुखेडमध्ये मात्र प्रश्न वेगळा आहे. हा तालुका कर्नाटकाला लागून आहे आणि तेलंगणाही लांब नाही. त्यामुळे एकाच रात्री भीमगीत, कोळीगीत आणि हैदराबादी तीनमार अशा तिन्ही फर्माइशी येऊ शकतात. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती, मग गणपती, मग नवरात्रात माहूरच्या रेणुकेचा गोंधळ. तांड्यावर कार्यक्रम असला तर बंजारा मंडळींना नंगाऱ्याची चाल हवी. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला तमाशाचे फड उतरतात. तिथे ढोलकी ऐकून आलेला प्रेक्षक पुढे महिनाभर कान टवकारून बसलेला असतो. कारखान्यातून आलेल्या यादीत तबला असतो, ढोलक असतो. नंगारा नसतो, आणि हलगी असलीच तरी ती आपली वाटत नाही.

हलगी का वाटत नाही, हे जरा थांबून पाहायला हवं. कड्यावर ताणलेलं कातडं, उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हाताच्या बोटांत बारीक काडी. टिपरू घाव घालतं आणि काडी मधल्या जागा भरते. वाजवण्याआधी पाचट किंवा कागद पेटवून कातडं शेकायचं, म्हणजे आवाज चढतो. पावसाळी हवेत तो दर पंधरा-वीस मिनिटांनी उतरतो आणि पुन्हा शेकावं लागतं. म्हणजे एकाच वरातीत हलगीचा स्वर सतत थोडा वर, थोडा खाली होत असतो. आपला कान या हलत्या स्वराला सरावलेला आहे. पॅडमधली हलगी पहिल्या घावापासून शेवटच्या घावापर्यंत तीच. दहा मिनिटांत ऐकणाऱ्याला कंटाळा येतो आणि कंटाळा कशाचा आला हे त्याला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट जातीची. कातड्याचं वाद्य आणि ते वाजवणारा समाज यांची सांगड गावाने घट्ट बांधून ठेवली. हलगी मातंग समाजाकडे, मान मात्र मिरवणाऱ्याकडे. रबराच्या चौकोनाला कुणी विटाळ मानत नाही, त्यामुळे पॅडमागे कुणाचाही पोरगा उभा राहतो. हे चांगलंच झालं. पण त्याच पॅडमुळे वरातीतल्या चार हलग्यांच्या दोन झाल्या, मग एकही राहिली नाही, हेही त्याच हिशोबात लिहायला हवं. हलगीवाल्यांची पुढची पिढी बँजो पार्टीत आणि ऑक्टोपॅडवर दिसते. ती पोरं पॅड फार सुंदर वाजवतात, कारण टिपरू-काडीचं वजन त्यांच्या मनगटात आधीपासून असतं.

पॅडचं काम कसं चालतं हे कळलं की तो निवडणं सोपं होतं. रबराखाली दाब किंवा कंप ओळखणारा संवेदक असतो. काठी पडली की तो जोर मोजतो आणि १ ते १२७ मधला एक आकडा देतो. यंत्राला एवढंच समजतं. ढोलकीच्या धुमावर तळहात दाबून सरकवला की आवाज खालून वर चढतो, तो चढ या आकड्यात येत नाही, कारण घाव पडून गेल्यावर काय झालं हे साध्या पॅडला माहीतच नसतं. म्हणून पॅडवर ढोलकी वाजवायच्या भानगडीत पडू नये. ढोलकीला माणूस ठेवावा आणि पॅडवर बाकीचं घ्यावं. चांगले ऑर्केस्ट्रावाले तेच करतात.

दुकानात गेल्यावर विक्रेता सगळ्यात मोठा आवाज लावून दाखवतो. त्याला स्पीकर बंद करायला सांगा आणि हेडफोन घ्या. मग एका चौकोनावर काठी नुसती टेकवत, अगदी हळू वाजवा. हळू घाव गिळणारं पॅड हलगीच्या काडीसाठी कुचकामी. त्यानंतर एका चौकोनावर जोरात मारा आणि शेजारचा आपोआप वाजतो का ते ऐका. थोडं वाजत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आवरता येतं, फार वाजत असेल तर ते यंत्र सोडून द्या. तिसरी परीक्षा झांजेची. झांज वाजवून तिची आस चालू असतानाच बाकीचे चौकोन भराभर वाजवायचे. एका वेळी मोजकेच आवाज सांभाळणाऱ्या यंत्रात आस मध्येच तुटते. एसपीडी-२० ची मर्यादा चौदा आवाजांची होती आणि जाणकार तिच्याभोवती वाट काढायला शिकले होते. म्यूट ग्रुपची सोय आहे का, तेही विचारा. एक बोल दुसऱ्याचा गुंजारव थांबवू शकला तरच संबळ संबळासारखा वाटतो.

घाव आणि आवाज यांत अंतर पडतं अशी तक्रार पॅडवाले फार करतात. पुष्कळदा दोष पॅडचा नसतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मॉनिटर तीन मीटरवर ठेवला तर तिथूनच जवळपास नऊ मिलिसेकंद उशीर होतो. मॉनिटर पायाशी आणला की निम्मी तक्रार मिटते. ब्लूटूथ स्पीकरवर मात्र सराव करूच नये. त्यात लय इतकी मागे पडते की हाताला वाईट सवय लागते. जनरेटरवर चालणाऱ्या स्टेजवर अर्थिंग नसलं की पॅडमधून घूं घूं येते. तेव्हा मिक्सरच्या आधी डीआय बॉक्स लावून पाहावा. पॅडपेक्षा किती तरी स्वस्त वस्तू आहे ती, पण शंभर कार्यक्रमांत एकाकडे दिसते.

रेकॉर्डिंगची गरज वेगळी. एका खोलीत लॅपटॉप घेऊन गाणी करणाऱ्याला पॅडमधले आवाज चांगले नसले तरी चालतं. यूएसबीतून मिडी जातो, घाव आकड्यांत नोंदला जातो आणि संबळाच्या जागी हलगी नंतरही बसवता येते. फक्त संगणकाला लय ‘सरळ’ करू देऊ नका. हलगीचा डौल त्या वाकडेपणातच असतो. सगळे घाव रेघेवर बसवले की कवायत होते.

मग घ्यायचं कोणतं? भजनी मंडळाला किंवा शिकणाऱ्याला यामाहाचा डीडी-७५ पुरतो, त्याला स्वतःचे स्पीकर आहेत आणि तो बॅटरीवरही चालतो. आठवड्याला सुपाऱ्या असणाऱ्याने एसपीडी-२०च्या घराण्यातलं किंवा २०१० मध्ये आलेलं एसपीडी-३० पाहावं. एसपीडी-३० मध्ये आपलंच वाजवलेलं चक्रासारखं फिरवत त्यावर पुढचं वाजवता येतं. पण माझं मत विचाराल तर मुखेडच्या माणसाने स्वतःचे आवाज भरता येतील असंच यंत्र घ्यावं, मग कारखान्याचे आवाज कमी असले तरी हरकत नाही. अलेसिसचं सॅम्पलपॅड प्रो मेमरी कार्डावरून आवाज उचलतं आणि खिशाला झेपतं. रोलँडचं एसपीडी-एसएक्स नऊ चौकोनांचं, महाग, पण विश्वासाचं. आपल्या भागात जी हलगी, जो नंगारा लोक ओळखतात तो यादीत शोधत बसण्यापेक्षा भरून घेणं सोपं.

भरताना हलगी मोकळ्यावर वाजवून घ्यावी, चार भिंतींत ती घुमते. टिपऱ्याचे हळू ते जोरकस असे पाच-सहा घाव, काडीचे तेवढेच, आणि हे सगळं दोनदा: एकदा नुकतीच शेकलेली, एकदा उतरलेली. ताज्या आणि उतरलेल्या हलगीचे दोन पॅच केले की वर सांगितलेला कंटाळा बराचसा टळतो. प्रत्येक घावाच्या आधीची शांतता काटेकोर कापावी, नाही तर तेवढा उशीर दर वेळी ऐकू येतो. आणि हलगीवाल्याला रेकॉर्डिंगची बिदागी एका वरातीएवढी देऊन मोकळं होऊ नये. त्याचे घाव पुढे कित्येक वर्षांच्या वराती वाजवणार आहेत, त्याच्याशिवाय. रक्कम आधी ठरवावी, कागदावर लिहावी आणि पत्रकात त्याचं नाव घालावं.

जुनं यंत्र घेत असाल तर चौकोनांचं रबर मध्यभागी दबलंय का ते बोटाने पाहा, बटणं सगळी दाबून बघा आणि मूळ अ‍ॅडॉप्टर मागा. रोलँडच्या अ‍ॅडॉप्टरच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, यामाहाच्या कीबोर्डाचा धन. पीन कधी कधी नेमकी बसते, म्हणून स्टेजच्या घाईत कुणी तरी कीबोर्डाचा अ‍ॅडॉप्टर पॅडला लावतो. दोन्हींवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवा.